टाचेच्या बाजूनं

हात मोडला की गळ्यात झोळी येते. ताप कपाळाला हात लावला की कळतो. टाच दुखते तेव्हा बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. सूज नाही, लाली नाही, जखम नाही. लोक वाकून टाच बघतात, भेगा शोधतात, आणि भेगाही सापडल्या नाहीत की विषय संपवतात. "पाय मुरगळला असंल, बाई," म्हणतात आणि दुसरं काही बोलायला लागतात. परतूरला मी शाळेत शिकवते, दिवसाचा मोठा भाग फरशीवर उभी असते, आणि टाचदुखीला आजार मानणारी माणसं मला फार थोडी भेटली. माझी तक्रार त्याबद्दल आहे. ती बारीकसारीक गोष्टींची आहे, पण त्यातली एकही सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

दुखणं असं असतं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला, अशी कळ येते की भिंत धरावी लागते. थोडं चाललं की ती ओसरते. त्यामुळे घरचे जागे होईपर्यंत आपण बरे दिसायला लागतो. मग तासामागून तास उभं राहिलं की संध्याकाळी ठणका सुरू होतो. बसून उठलं की पुन्हा तीच पहिल्या पावलाची कळ. याला डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो आणि पावलाची कमान तो धरून ठेवतो. इंग्लंडमधल्या जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये त्याचं काम नीट मांडलं. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वाकली की हा पट्टा रहाटावरच्या दोरासारखा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, ताणला जातो आणि कमान वर उचलून धरतो. हे दर पावलाला होतं. म्हणजे पट्टा दुखावला तरी त्याला रजा नाही. माणूस उभा राहिला, चालला, की तो कामावर हजर.

साधारण दहातल्या एकाला आयुष्यात कधीतरी हे दुखणं गाठतं, असं या विषयातले लोक सांगतात. वजन जास्त असलेले, पोटऱ्या आखडलेले आणि कामासाठी दिवसभर उभे राहणारे यांना जास्त. शेवटच्या गटात आमचं अर्धं गाव येतं. शिक्षक, हवालदार, किराणा दुकानातले नोकर, हॉटेलातले वाढपी, ओट्याशी उभ्या बायका, आणि शेतात राबणाऱ्या बायका. त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण खरी तक्रार त्यांची आहे.

आधी एक्स-रे. टाच दुखते म्हटलं की सगळ्यात आधी एक्स-रे निघतो, आणि त्यात टाचेच्या हाडाला पुढं आलेलं टोक दिसलं की निकाल लागतो : हाड वाढलंय. एकदा का हे शब्द उच्चारले गेले की ती फिल्म घरी येणारा प्रत्येकजण खिडकीच्या उजेडात धरून बघतो. वाढलेलं हाड आता कापावं लागणार, इथपर्यंत चर्चा जाते. खरी गोष्ट अशी की असं टोक ज्यांच्या टाचेला आहे आणि आयुष्यात कधी टाच दुखली नाही, अशी कितीतरी माणसं असतात. आणि ज्यांची टाच भयंकर दुखते त्यांच्या एक्स-रेत कधीकधी काहीच सापडत नाही. ते टोक तसंच राहूनही दुखणं पूर्ण बरं होतं. हे एक वाक्य फिल्म हातात देतानाच सांगितलं तर माणूस रात्री नीट झोपेल. ते सांगितलं जात नाही. पेशंट घाबरून घरी येतो आणि घाबरलेला माणूस पाय टेकवायलाच तयार होत नाही.

दुसरी तक्रार सुईची. "एक सुई मारून घ्या, मोकळं व्हा," हा सल्ला मला औषधाच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात आणि रेल्वेच्या डब्यात मिळालेला आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं आराम पडतो, हे खरंच आहे. पण २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की तो आराम थोडा असतो आणि महिनाभरापुरता असतो. पुढे सुई घेतलेला आणि न घेतलेला यांच्यात फारसा फरक उरत नाही. वारंवार घेतली तर तो पट्टाच फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. गोळ्यांचंही तसंच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना तिथं दाह सापडला नाही, झीज सापडली. जिथं झीज आहे तिथं दाह कमी करणारी गोळी ठणका तात्पुरता दाबते, पट्टा दुरुस्त करत नाही. पट्टा दुरुस्त होतो तो हळूहळू ताण देऊन. आणि हे कुणालाच ऐकायचं नसतं, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही.

तिसरी तक्रार रुईच्या पानाची. वीट चुलीवर तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच दाबायची. मराठवाड्यात हा उपाय माहीत नाही असं घर नसेल. सांगणाऱ्यांची माया मला कळते, शेकानं घटकाभर बरं वाटतं तेही मला मान्य आहे. पण ज्यांना साखरेचा आजार आहे आणि ज्यांच्या तळव्यांना चटका कळत नाही, त्यांनी तापलेल्या विटेवर पाय ठेवायचा म्हणजे जखम ओढवून घ्यायची, आणि अशा पायाची जखम भरायला किती काळ जातो हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारावं. रुईचा चीक कातडीला आणि डोळ्यांना बाधतो. आमच्याकडे हा उपाय सगळ्यात आग्रहानं नेमका म्हाताऱ्या, साखरेच्या आजाराच्या माणसांनाच सांगितला जातो. यावर कुणीतरी ठामपणे नाही म्हटलं पाहिजे. मी म्हणते.

चौथी तक्रार चपलेची. आमच्या घरांत अनवाणी वावरायची रीत आहे आणि खाली फरशी आहे, शहाबादी नाहीतर टाइल्सची. हिवाळ्यात ती थंडगार असते, बाराही महिने कडक असते. टाच दुखणाऱ्यानं घरातही मऊ तळाची चप्पल घालावी, हे पहिलं पथ्य. स्वयंपाकघरात चप्पल घालून उभी राहिलेली बाई पाहिली की पाहुण्यांच्या नजरा आधी चपलेकडे आणि मग देव्हाऱ्याकडे जातात. कुणी बोलत नाही. बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. घरात वापरायची वेगळी, धुतलेली चप्पल असते, ती उंबऱ्याबाहेर जात नाही, एवढं सांगायची संधी तरी मिळावी. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण त्यांच्यातल्या जिची टाच आधीच दुखते तिला घरातल्या कर्त्या माणसांनी या वर्षी चप्पल घाल म्हणावं, देवीला ते चालेल.

दुकानात "डॉक्टर चप्पल" म्हणून काहीही मिळतं. या मऊ रबराच्या चपलांमागे मोठं काम आहे. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून अशा पादत्राणांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. आज त्याच नावाखाली नुसता फोम विकला जातो, दोन महिन्यांत तो चपटा होतो आणि पाय पुन्हा फरशीवर येतो. चप्पल घेताना टाचेखाली अंगठा दाबून बघावा, कमानीला आधार आहे का बघावं, मागे पट्टा असलेली घ्यावी. आणि नुसत्या चपलेनं हे दुखणं जात नाही, हे दुकानदारानं सांगावं अशी अपेक्षा नाही, डॉक्टरांनी सांगावं अशी आहे.

आता फिजिओथेरपी. हा शब्द उच्चारला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "तुम्हाला काय लकवा मारलाय का?" या समजुतीला इतिहास आहे. पोलिओच्या साथीनंतर, १९५२ च्या सुमारास, मुंबईत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं भौतिकोपचाराचं शिक्षण सुरू झालं आणि लुळ्या पडलेल्या हातापायांवरचा उपचार हीच त्याची ओळख झाली. टाचेसाठी कुणी फिजिओथेरपीला जातं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मी जालन्याला जायचं ठरवलं. रेल्वेनं जावं तर फलाटावर उभं राहायचं, रस्त्यानं जावं तर वाटूर फाट्यावर उभं राहायचं, गाडीत जागा मिळाली नाही तर तिथंही उभं राहायचं. टाचेवर उपचार घ्यायला जाताना टाचेवरच सगळा भार टाकून जायचं, याला माझी हरकत आहे आणि ती मी नोंदवून ठेवते.

तिथं गेल्यावर मशीन लावलं गेलं. थंड जेली, अल्ट्रासाऊंडची फिरवायची मूठ, मग तारा, मुंग्या. आजूबाजूचे सगळे पेशंट खूश होते, कारण मशीन म्हणजे उपचार. अल्ट्रासाऊंडचा या दुखण्यात ताणाच्या व्यायामाहून वेगळा फायदा दिसत नाही आणि तो वापरू नये, असं अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं २०२३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. त्याच सूचनांत पोटरीचा आणि तळव्याचा ताण, हातानं सांधे-स्नायू मोकळे करणं, पट्टी बांधणं आणि रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी यांची शिफारस आहे. पण मशीनला वेळ भरपूर मिळाला आणि व्यायाम निघता निघता दाखवले गेले. वर एक झेरॉक्सचा कागद दिला, इंग्रजीत. मी तो वाचू शकले. माझ्या पुढच्या बाकावर जाफराबादकडची एक आजी होती, तिनं तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. तिच्या उपचाराचा सगळा महत्त्वाचा भाग त्या घडीत गेला. जालना जिल्ह्यात व्यायामाचा कागद मराठीत असावा, ही मागणी एवढी लहान आहे की ती करावी लागते याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून तो व्यायाम इथं लिहिते. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉ. डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जुनाट टाचदुखी असलेल्यांवर तो तपासला. बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. पायाची बोटं हातानं धरून नडगीकडे ओढायची. तळव्याचा पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून बघायचं. दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. आणि त्यातली पहिली वेळ सकाळी, अंथरुणातच, पाऊल जमिनीला लागण्याच्या आधी. आठ आठवड्यांनी हा व्यायाम करणारे नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा बरे होते. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा दहांतले नऊ समाधानी होते.

दुसरा व्यायाम डेन्मार्कच्या रॅथलेफ यांचा, २०१५ चा. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि टाच सावकाश वर उचलायची, वर थांबायचं, सावकाश खाली आणायची. एक दिवसाआड. ताकद आली की पाठीवर पुस्तकांची बॅग घेऊन तेच. तीन महिन्यांनी ही मंडळी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा पुढे होती, वर्षानं दोघं सारखे झाले. हा दुखऱ्या टाचेवर मुद्दाम भार टाकणारा उपचार आहे, म्हणून तो आधी कुणा जाणकाराच्या नजरेखाली शिकावा.

यात अवघड काय आहे? काहीच नाही, फक्त घर आडवं येतं. पाऊल टेकवण्याआधी ताण द्यायचा, आणि नेमका त्याच वेळी गल्लीत कुणीतरी ओरडतं, "नळ आला!" मराठवाड्यात नळ कधी येतो आणि किती वेळ टिकतो हे वेगळं सांगायला नको. हाक ऐकली की अख्खं घर धावतं, आणि अंथरुणात पायाची बोटं धरून बसलेल्या बाईकडे सगळे असे बघतात की तिला उठावंच लागतं. पहिलं पाऊल पडतं, कळ येते, दिवस गेला. संध्याकाळी पाय घासायला बर्फ झालेली पाण्याची बाटली लागते. ती फ्रीजमध्ये ठेवली की कुणीतरी पाहुण्यांसाठी काढतं. दुपारी वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं तर बघणाऱ्याला आळस दिसतो. या सगळ्या गोष्टी अगदी क्षुल्लक आहेत, आणि हा आजार बरा न होण्याची कारणं मला याच क्षुल्लक गोष्टींत दिसतात. शंभरातले ऐंशी-नव्वद लोक शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही लागतं. एवढे महिने रोज तीनदा काही मिनिटं एखाद्या बाईला तिच्या स्वतःच्या पायासाठी मिळणं, हा आमच्या घरांतला सगळ्यात महाग उपचार आहे.

मला निदान बसायला खुर्ची आहे. दसऱ्यानंतर परतूरच्या आसपास कुठल्याही शिवारात जा, कमरेला फडकं बांधून बायका कापूस वेचताना दिसतात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभ्या, अर्धवट वाकलेल्या, काळ्या रानातल्या ढेकळांवर, तळ झिजून कागदासारखा झालेल्या प्लास्टिकच्या चपलेत. फडक्यात कापूस वाढत जातो तसं अंगावरचं वजन वाढत जातं. पैसे किलोवर मिळतात, म्हणून कुणी मध्ये बसत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, सकाळी पाय टेकवत न्हाई. दोन्ही हातानं चौकट धरून उठते. पण एकदा रानात गेलं की कळतच न्हाई." तिला डॉक्टरांनी आराम करायला सांगितला होता. आराम म्हणजे किती दिवस, आणि त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे त्या चिठ्ठीत नव्हतं. वेचणी संपली की हरभऱ्याची काढणी, गव्हाची सोंगणी, आणि ज्यांचं यातही भागत नाही त्यांचा ऊस. कोयता घेऊन निघालेल्या बाईच्या टाचेला कुठला हंगाम मोकळा आहे?

त्या बाईला आराम सांगू नये. तिला बांधावर बसून पाण्याचा घोट घेताना बोटं ओढून धरायला शिकवावं. दुपारच्या भाकरीच्या वेळी पुन्हा. तिला जाड तळाची चप्पल घेऊन द्यावी, आणि शेतमालकानं ती द्यायला काही हरकत नाही, विळे-खुरपी देतोच ना. आणि तिला हे सांगावं की हाड कापायची गरज नाही, हे बरं होतं. हे सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. आशाताई घरोघर जातात, त्यांना हा एक व्यायाम शिकवला तर त्या गावभर पोचवतील.

सरकारी कागदावर तर हे आधीच आहे. २०१०-११ मध्ये केंद्रानं वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्त्याची तरतूद आहे. म्हणजे टाच दुखणाऱ्या म्हातारीनं तालुक्यातच उपचार मागणं हा तिचा हट्ट ठरत नाही. मागायला मात्र हवं. जो मागत नाही त्याच्यासाठी खोली उघडत नाहीत. आणि खासगी ठिकाणी जाताना फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका.

काही वेळा हे दुखणं टाचेपुरतं नसतं, तेवढं सांगून ठेवते. ताप असेल, टाच सुजून लाल झाली असेल, रात्री झोपेतही ठणका थांबत नसेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही आखडत असेल, तर व्यायामावर विसंबून राहू नका, डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की चिठ्ठीवर गोळीच्या वर व्यायाम लिहा, मराठीत लिहा, आणि पेशंटकडून तो समोर एकदा करून घ्या. फिजिओथेरपिस्टांना विनंती, मशीन बाजूला ठेवून तो वेळ शिकवायला द्या. आणि घरच्यांना एवढंच सांगणं आहे, की उद्या सकाळी नळ आला आणि घरातली बाई अंथरुणात बोटं ओढून बसली असेल, तर तिला हाक मारू नका. बादली तुम्ही लावा.